चव लावावी लागते

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास येलदरी कॅम्पहून एक बाई आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. जिंतूरचा बाजार करून परत निघाल्या होत्या. टेकायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, लेकरू काहीच खाईना गेलंय. एखादी ताकतीची बाटली लिहून द्या."

मुलाची खालची पापणी ओढून पाहिली. फिकी होती. मी विचारले, "सकाळी काय खातो?" चहा-बिस्कीट. दुपारी? पाच रुपयांचा कुरकुरीत खाऊचा पुडा. संध्याकाळी पुन्हा चहा आणि दुसरा पुडा. रात्री भाकरीचे दोन घास, तेही धपाटा घालून. म्हणजे लेकरू 'काहीच' खात नव्हते असे नाही. पोट भरलेले होते, रक्त मात्र भरत नव्हते.

"फळं देता का?"

"त्याला आवडत नाहीत. अन् सफरचंद आम्हाला परवडतंय का साहेब?"

बाकाखाली त्यांची टोपली होती. विकून उरलेली आठ-दहा सीताफळे तिच्यात होती. मी तिकडे बोट दाखवले, तर म्हणाल्या, "छ्या! ह्यानं सर्दी होते."

वाचकहो, सर्दी विषाणूंमुळे होते, सीताफळाने नाही. सीताफळाच्या शंभर ग्रॅम गरात सुमारे शंभर उष्मांक असतात. हडकुळ्या मुलासाठी ते फार सोयीचे फळ. तीच गोष्ट पेरूची. त्यात 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या चौपट-पाचपट असते, आणि ज्या सफरचंदासाठी आपण हळहळतो त्यात ते नाममात्र असते. आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंदच न्यायचे, ही पद्धत कोणी पाडली कोण जाणे!

'क' जीवनसत्त्वाचा येथे मुद्दाम उल्लेख करतो, कारण आपल्या ज्वारी-बाजरीत, डाळीत आणि पालेभाजीत जे लोह असते ते आतड्यातून सहजासहजी रक्तात जात नाही. त्याच जेवणात पेरूची फोड, आवळा किंवा वरून पिळलेले लिंबू असेल, तर ते अधिक शोषले जाते. चहातील टॅनिन नेमके उलटे करते. म्हणून जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, आणि लहान मुलांना तर चहा नकोच. ही बाब क्षुल्लक नाही. २०१९ ते २१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर मुलांमागे जवळजवळ ६९ मुलांना रक्तक्षय आढळला होता. असे मूल लवकर दमते, वारंवार आजारी पडते, शाळेत मागे पडते, आणि त्याची भूकही मंदावते. खात नाही म्हणून रक्त कमी, रक्त कमी म्हणून खात नाही, असा हा फेरा आहे.

आता 'आवडत नाही' याविषयी. मीसुद्धा पुष्कळ वर्षे हे ऐकून टॉनिक लिहून देत आलो, हे कबूल केले पाहिजे. पण आवड जन्मतः ठरलेली नसते. गोडाची ओढ तेवढी उपजत असते, बाकीच्या बहुतेक चवी लावाव्या लागतात. अमेरिकेतील लीन बर्च या संशोधक बाईंनी १९८२ मध्ये दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी पदार्थ देऊन पाहिले, काही दोनदाच, तर काही वीस वेळा. जो पदार्थ जास्त वेळा चाखला, तो मुलांना जास्त आवडू लागला. आपण काय करतो? मुलाने दोनदा थुंकले की 'याला आवडत नाही' असा शिक्का मारून मोकळे होतो. तो शिक्का मग लग्न झाले तरी पुसला जात नाही!

बर्चबाईंनी १९८४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. बक्षिसाचे आमिष दाखवून पाजलेले पेय मुलांना पुढे कमीच आवडू लागले. 'पपई खाल्लीस तर चॉकलेट देते' या सौद्यात मूल एवढेच शिकते, की पपई ही शिक्षा आणि चॉकलेट हा खाऊ.

ही शाळा आईच्या पोटातच सुरू होते. गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना ज्या आयांनी गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीची पेज कमी तोंड वाकडे करून खाल्ली, असे २००१ मध्ये दिसून आले. बाळंतिणीला हे चालत नाही, ते बाधते, असे म्हणणाऱ्या सासूबाईंनी याचा विचार करावा. (गरोदर बाईने कच्ची, चिकाची पपई टाळावी हे मात्र बरोबर आहे.)

आपल्या पूर्वजांना यातले बरेच कळत असावे. संक्रांतीचे बोरन्हाण आठवा. डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओतायचे आणि आळीतल्या पोरांनी झुंबड करून वेचून खायचे. दुसरे मूल खाताना पाहून मूल खाते, त्याला आग्रह लागत नाही. हल्ली त्यात चॉकलेट आणि पुडेच जास्त पडतात. बोरे ओतावीत, पण पाच वर्षांखालच्या मुलाला बी काढूनच द्यावीत, घशात अडकते.

घरी करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला चूलही पेटवावी लागत नाही. केळ्याच्या चकत्या शेंगदाण्याच्या कुटात घोळवून द्या. पपईवर लिंबू पिळा. दह्यात सीताफळाचा गर कालवा. कवठ आणि गुळाची चटणी भाकरीला लावा. सुरुवात मात्र नखाएवढ्या घासाने, मूल भुकेले असताना, आणि आधी आपण स्वतः खाऊन. नाही म्हणाले तर गप्प बसावे. दोन दिवसांनी पुन्हा ठेवावे. पुडा मात्र घरात आणूच नये. दिसला की मागणारच. रस काढण्यापेक्षा अख्खे फळ बरे. बाजारात कापून ठेवलेले, माशा बसलेले फळ घेऊ नये. सीताफळाच्या बिया दळून उवांसाठी लावण्याची रीत काही घरांत आहे. ती पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते, तेव्हा बिया टाकूनच द्याव्यात. मधुमेहाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी कोणते फळ किती खायचे ते आपल्या डॉक्टरांना विचारावे.

त्या मुलाचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन आठ निघाले. जंताचे औषध आणि लोहाचे औषध दिले, कारण इतके कमी असताना नुसत्या फळांनी भागत नाही. चहा आणि पुडे बंद करायला सांगितले, आणि टोपलीतले एक सीताफळ तेथेच फोडायला लावले. बाईंनी खाल्ले, मी खाल्ले. मुलाने बोटाला लावून चाटले आणि तोंड वाकडे केले. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

दिवाळीनंतर बाई पुन्हा आल्या. हिमोग्लोबिन साडेनऊवर गेले होते. म्हणाल्या, "रोज एक मागतंय साहेब, विकायला ठेवू देईना. आता सीताफळं तर सरली, पुढं काय देऊ?"

मी म्हटले, "पेरू आलेत की. अन् मग बोरं येतील."