अकलूजची ‘सेत्ते’ आणि आपला ऊस



गटसभेत अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो. “साहेब, अकलूजकडं उसाच्या मुलखात इटलीवाणी वाईन करतात म्हणे. आपण दोन एकर ऊस मोडून ती द्राक्षं लावली तर?” प्रश्न रास्त आहे. मी स्वतः वाईन घेत नाही, तेव्हा चवीचे मला विचारू नका. पिकाचे सांगतो.

सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ ‘फ्रातेल्ली’ ही वाईनरी आहे. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील, अशा भावांच्या तीन जोड्यांनी २००७ च्या सुमारास ती उभी केली. वाईन करण्याचे काम तस्कनी प्रांतातले जाणकार पिएरो मासी यांनी हाती घेतले. मिळून सात जण झाले, म्हणून तिथल्या नावाजलेल्या तांबड्या वाईनचे नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात. मोटेवाडी, गारवाड, निमगाव या शिवारांत त्यांच्या बागा आहेत. रोपे मुद्दाम फ्रान्सहून आणली. ‘सेत्ते’त दोन जातींची द्राक्षे पडतात : तस्कनीची सांजोवेजे आणि फ्रान्सची काबर्ने सोव्हिन्यों.

ही द्राक्षे आपण खातो ती नव्हेत. मणी बारीक, साल जाड, आत बी. तांबडा रंग रसात नसतो, सालीत असतो. म्हणून रस सालीसकट आंबवतात. आपल्या डिस्टिलरीत मळी आंबवतात तसेच यीस्टचे काम, फक्त इथे पुढे ऊर्ध्वपातन नाही. आंबलेला रस ओक लाकडाच्या पिंपांत मुरत ठेवतात.

आता खरी मेख. आपण टनाच्या मागे धावतो. तिथे चांगल्या तांबड्या वाईनसाठी घड मुद्दाम कमी ठेवतात आणि एकरी तीन-चार टनांवर समाधान मानतात. मणी फुगवायला जी.ए.च्या डिपिंगा नाहीत, पाणीही बेताने. तोड ब्रिक्स पाहून. उसाचा रस २० ब्रिक्सला आला की आपण खूश. तिथे २३-२४ लागतो. आपल्याकडे गोड ऊस आणि पाणीदार ऊस एकाच काट्यावर एकाच दराने जातो. हे मला कधीच पटलेले नाही, पण ते असो.

माझे मूळ गाव रोह्याजवळचे धाटाव. तिथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. द्राक्षाचे नावच नको. आपला भाग कोरडा, तेव्हा एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरल्यावरची गोडी छाटणी इथे बसते. अडचण हवामानाची नाही, विक्रीची आहे.

२००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि नाशिककडे वाईनऱ्या भराभर निघाल्या. २००८-०९ च्या मंदीत वाईन पडून राहिली, कित्येक वाईनऱ्या बंद पडल्या. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने तोंडी शब्दावर तीन एकर लावली होती. माल तयार, घेणारा फोन उचलेना. खाण्याच्या बाजारात त्या द्राक्षाला कोणी हात लावीना. मांडवाचे लोखंडी अँगल भंगारात विकून त्याने बाग काढली. उसाला निदान एफ.आर.पी. आहे, आणि हप्ता लांबला तर आपल्याच संचालकांना जाब विचारता येतो. इथे करार हाच सगळा आधार. जात, ब्रिक्स, दर, पैसे किती दिवसांत आणि माल नाकारल्यास काय, एवढे स्टँपवर लिहून घेतल्याशिवाय एक खुंटही रोवू नका.

लिहून देणारा मिळाला तर माझा विरोध नाही. मुरमाड, उताराचा, जिथे ऊस पंचवीस टनांवर जात नाही असा तुकडा निवडा. काळ्या रानातला ऊस मोडू नका. मांडव आणि ठिबकचा खर्च आधीच करावा लागतो, आणि भरीचे पीक तिसऱ्या वर्षाशिवाय नाही.

प्रत्यक्ष पाहायचे असेल तर त्या बागांची तोडणी जानेवारी ते मार्च चालते. आपलाही हंगाम तेव्हाच असतो, म्हणून निघण्याआधी आपल्या उसाची तोड कधी आहे ते चिटबॉयकडून विचारून घ्या.

– ऊस विकास अधिकारी