नाममात्र दरातला शेअर हिशेबात कसा लिहावा?

१ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या कोनसरीला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत लॉइड्स मेटल्स या कंपनीच्या कामगारांना तिचे शेअर नाममात्र दरात देण्यात आले. त्यांत आत्मसमर्पण केलेले माजी नक्षलवादीही होते. बचत म्हटली की पोस्ट, बचत गट किंवा एलआयसी एवढेच जिथे आठवते, त्या गडचिरोलीत ही मोठी गोष्ट आहे. म्हणूनच या शेअरचा हिशेब चुकू नये असे मनापासून वाटते. घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी एक्सेलमध्ये किंवा ग्नूकॅशसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये नोंद करायला बसते आणि ‘खरेदी किंमत’ या रकान्यापाशीच गाडी चुकीच्या वळणाला लागते.

गैरसमज : खिशातून जेवढे गेले तेवढीच खरेदी किंमत.

बाजारातून घेतलेल्या शेअरला हे लागू आहे. मालकाने कामगाराला सवलतीत दिलेल्या शेअरला, म्हणजे ईसॉपला, नाही. सोपे आकडे धरू. २०० शेअर ५ रुपयांनी मिळाले. बँकेतून १,००० रुपये गेले. शेअर घेण्याचा हक्क वापरला त्या दिवशी बाजारभाव १,००० रुपये होता. (हा भाव त्या दिवशीच्या उघडत्या आणि बंद भावाची सरासरी काढून ठरतो.) मधला फरक १,९९,००० रुपये. आयकर खाते ही रक्कम पगाराचाच भाग मानते आणि त्यावर पगारासारखाच कर लागतो. म्हणून पुढे शेअर विकताना खरेदी किंमत धरायची ती १,००० रुपये दराने, म्हणजे २,००,००० रुपये.

वर्ष उलटल्यावर हे शेअर १,२०० रुपयांनी विकले, तर खरा नफा ४०,००० रुपये. दीर्घ मुदतीच्या नफ्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यामुळे इथे काहीच भरावे लागत नाही. पण खरेदी दर ५ रुपये लिहिला असेल, तर सॉफ्टवेअर नफा २,३९,००० दाखवेल. सव्वा लाख वजा जाता १,१४,००० उरतात आणि त्यावर साडेबारा टक्क्यांनी १४,२५० रुपये कर निघतो. ज्या रकमेवर पगारात कर लागून गेला, तिच्यावरच दुसऱ्यांदा.

नोंद अशी करावी : शेअरच्या खात्यात २,००,००० जमा, त्यातले १,००० बँक खात्यातून आले, १,९९,००० ‘पगार – ईसॉप’ या उत्पन्नातून. तारीख शेअर वाटपाची. वर्ष मोजायचे तेही त्याच तारखेपासून.

गैरसमज : डीमॅटचे स्टेटमेंट आहे, वेगळी नोंद कशाला?

स्टेटमेंटमध्ये शेअर किती आणि आजचा भाव काय, एवढे कळते. हक्क वापरल्या दिवशीचा भाव त्यात नसतो. पगारात किती रक्कम धरली ते त्या वर्षीच्या फॉर्म १६ सोबतच्या १२बीए या कागदावर असते. हा कागद कंपनीकडून मागून घ्यावा आणि जपावा; काही वर्षांनी शोधायला गेल्यास मिळेलच असे नाही.

गैरसमज : भाव चढला म्हणजे उत्पन्न झाले.

नाही. विकेपर्यंत ती कागदावरची वाढ. सॉफ्टवेअरमध्ये फक्त भाव बदलावा, उत्पन्न खाते हलवू नये. लाभांशाचे मात्र वेगळे. तो आला त्या दिवशी उत्पन्नच, आणि तो कर कापण्याआधीच्या पूर्ण रकमेने लिहावा. कापलेला कर वेगळ्या ओळीत ठेवला, तर विवरणपत्र भरताना तो वजा मागता येतो.

गैरसमज : कोणते शेअर विकले ते आपण ठरवू.

नंतर बाजारातून आणखी शेअर घेतले असतील, तर एकाच डीमॅट खात्यात जे आधी आले तेच आधी विकले गेले असे कायदा धरतो. महाग घेतलेले आधी विकले असे दाखवून नफा कमी करता येत नाही.

शेवटचा एक बारकावा. बाजारातून घेतलेल्या शेअरची दलाली खरेदी किमतीत मिळवता येते, सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स मिळवता येत नाही. ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर हे दोन्ही आकडे वेगवेगळे छापलेले असतात. सॉफ्टवेअरमध्येही ते वेगवेगळ्या खात्यांतच टाकावेत.