अंगठा उमटत नाही तेव्हा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा तालुक्यात उन्हाळा मोहफुले वेचण्यात आणि तेंदूपत्ता तोडून पुडे बांधण्यात जातो. पाऊस लागला की धानाची रोवणी सुरू होते आणि दिवस दिवस चिखलात वाकून काढावा लागतो. अशी चाळीस-पन्नास वर्षे राबलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा सत्तरीत पुसट झालेल्या असतात. नेमक्या याच बोटांवरून बँकेचे आणि रेशनचे यंत्र तिला ओळखू पाहते. अंगठा लागत नाही, पुन्हा लावा, हात पुसून लावा, असे तिला चारचौघांत ऐकून घ्यावे लागते. चूक तिची नसते, तरी ओशाळते तीच.

बोटाचे ठसे घेणारे यंत्र कातडीवरचे उंचवटे आणि त्यांच्यामधल्या खाचा टिपते. वयाबरोबर कातडी कोरडी आणि सैल होते, उंचवटे सपाट होतात, आणि हातमजुरीने हे सगळे लवकर घडते. आधार नोंदवताना दहाही बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची नोंद आणि चेहऱ्याचा फोटो घेतलेला असतो. म्हणजे अंगठा हा ओळखीचा फक्त एक मार्ग झाला. दुसरे बोट लावता येते, बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ओटीपीही चालतो. हे पर्याय कागदावर आहेत, पण प्रत्येक काउंटरवर त्यांची सोय असतेच असे नाही. म्हाताऱ्या माणसाचे हेलपाटे सुरू होतात ते इथून.

हे हेलपाटे कशासाठी? श्रावणबाळ योजना असो की संजय गांधी निराधार योजना, गावात त्या सरकारी अनुदानाच्या रकमेला सरसकट ‘निराधारचा पगार’ म्हणतात. बहुतेकांना महिन्याला १५०० रुपये. रक्कम लहान असली तरी घरात तिचे वजन मोठे असते. रक्तदाबाच्या गोळ्या, चहापत्ती, नातवाच्या हातावर ठेवायची नोट, यांसाठी मुलापुढे किंवा सुनेपुढे हात पसरावा लागत नाही. म्हणून हा पैसा कोणाच्या हातात पडतो याला फार महत्त्व आहे.

डिसेंबर २०२४ पासून राज्य सरकारने हे अनुदान थेट आधार जोडलेल्या खात्यात पाठवायला सुरुवात केली. मधले टप्पे गेले हे चांगलेच झाले. मात्र एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. एखाद्याची दोन-तीन खाती असतील, तर आधारावर येणारा पैसा थेट अनुदानासाठी सगळ्यांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. आजी जुन्या बँकेत चौकशी करते, पासबुक कोरे दिसते, ‘पगार बंद झाला’ म्हणून घरी परतते, आणि रक्कम मात्र मध्ये कधीतरी उघडलेल्या दुसऱ्या खात्यात पडून असते. आपले आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे, एवढा एक प्रश्न बँकेत किंवा सेवा केंद्रात विचारला तर अनेकांची धावपळ वाचेल.

या सगळ्यात पोस्टमन फार मोलाचा माणूस ठरला आहे. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली, आणि ग्रामीण डाकसेवक मोबाइल व ठशांचे छोटे यंत्र घेऊन दारात येऊ लागला. दुसऱ्या बँकेतले पैसेही आधारावर त्याच्याकडून काढता येतात. २०२५ मध्ये या बँकेने चेहरा दाखवून व्यवहार करण्याची सोय आणली. झिजलेल्या बोटांसाठी ही खरी सुटका आहे. ज्याला चालवत नाही त्याच्या ओसरीवर यंत्र जावे, इतकी ही साधी गोष्ट आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा खाणींतून आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेली माणसे गावोगाव आहेत. त्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागते. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन उभे राहावे लागे. १० नोव्हेंबर २०१४ ला ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय सुरू झाली आणि २०२१ मध्ये तीत चेहऱ्याची ओळख आली. ॲप उघडायचे, कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून डोळ्यांची उघडझाप करायची. समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे, हे यंत्राला त्यावरून कळते. पोस्टमनला घरी बोलावूनही दाखला देता येतो. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन घेणाऱ्याने वर्षात केव्हाही दाखला दिला तरी तो तिथून बारा महिने चालतो. नोव्हेंबरच्या रांगेत उभे राहण्याची त्याला गरजच नाही.

पैशाइतकाच प्रश्न शरीराचा आहे. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे तपासली. सर्वाधिक मृत्यू पक्षाघाताचे निघाले, शंभरातले १४ हून अधिक, आणि त्यांतले बहुतेक घरीच झालेले. पक्षाघातातून वाचलेल्या माणसालाही पुढे अंघोळीपासून जेवणापर्यंत दुसऱ्याच्या हाताकडे पाहावे लागते. त्यामुळे म्हातारपणी स्वतःच्या पायावर राहायचे तर सगळ्यांत उपयोगाचे यंत्र रक्तदाब मोजण्याचेच म्हणावे लागेल. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे ते असते, आणि ‘ई-संजीवनी’वरून तिथे बसून दूरच्या डॉक्टरशी बोलताही येते. अडचण एकच, जंगलपट्ट्यात नेटवर्क गेले की हे सगळे थांबते. डॉक्टरचा आवाज तुटतो, पैसे निघत नाहीत, रेशनची रांग खोळंबते.

अशा वेळी काय करायचे, याचे उत्तर नियमात आहे. आधार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितले की, ठसा जुळला नाही किंवा यंत्र चालले नाही म्हणून कोणालाही लाभ नाकारायचा नाही. दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून, तशी नोंद करून त्याचे देणे द्यायचे. हे परिपत्रक रेशन दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायला हवे. तरीही कोणी परत पाठवले, तर साध्या बटणाच्या फोनवरूनही १४५६७ हा ज्येष्ठांचा मोफत क्रमांक लागतो. सकाळी ८ ते रात्री ८ पर्यंत, आठवड्याचे सातही दिवस, तिथे पेन्शनपासून घरातल्या छळापर्यंत काहीही सांगता येते. महाराष्ट्रात हे काम पुण्याचे जनसेवा फाउंडेशन पाहते.