पोहरादेवी : लदेणीच्या वाटांवरचे तीर्थ

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात, यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेजवळ वसलेले पोहरादेवी हे गाव बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखले जाते. जगदंबा देवीचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी ही येथील मुख्य श्रद्धास्थाने असून, शेजारच्या उमरी येथे जेतालाल महाराजांची समाधी असल्यामुळे या दोन गावांची नावे बहुधा जोडीनेच घेतली जातात. रामनवमीच्या यात्रेला विदर्भ-मराठवाड्यातील तांड्यांबरोबरच तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि कर्नाटकातील भाविकही मोठ्या संख्येने येतात. घराबाहेर तेलुगू, कन्नड किंवा मराठी बोलणारी ही माणसे येथे एकमेकांशी गोरबोलीत बोलतात. राजस्थानी बोलींशी जवळचे नाते असलेली ही भाषा दक्षिणेत इतक्या दूरवर आणि इतका काळ कशी टिकून राहिली, याचा शोध घेऊ लागले की या गावाचा इतिहास वऱ्हाडापुरता उरत नाही.

बंजाऱ्यांचा मूळ व्यवसाय लदेणीचा, म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून तो दूरच्या बाजारपेठांत पोहोचवण्याचा होता. धान्य, मीठ आणि कापूस भरलेल्या गोण्या बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी लोंबत. बैल वाटेवरच्या कुरणांत चरत चालत असल्यामुळे त्यांच्या वैरणीचा खर्च नसे, आणि म्हणूनच मजल लहान असूनही ही वाहतूक स्वस्त पडे. कुटुंबकबिल्यासह चालणाऱ्या अशा समूहाला तांडा आणि त्याच्या प्रमुखाला नायक म्हणत. मुक्कामाच्या जागी गोण्यांची थप्पी लावून तिचीच भिंत केली जाई. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने 1632 मध्ये उत्तर हिंदुस्थानात धान्य घेऊन निघालेल्या चौदा हजार बैलांच्या तांड्याची नोंद केली आहे, आणि फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये यानेही अशाच प्रचंड तांड्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. वऱ्हाडचा कापूस गंगाकाठच्या मिर्झापूरच्या बाजारात पोहोचत असे तो याच बैलांच्या पाठीवरून, आणि किनाऱ्यावरचे मीठ देशाच्या अंतर्भागात येई तेही याच मार्गाने.

हा समाज दक्षिणेत उतरला तो प्रामुख्याने सैन्यांबरोबर. मोगलांच्या दख्खन मोहिमांत हजारोंच्या फौजेला रोजचा दाणागोटा पुरवणे हे तांड्यांवाचून शक्य नव्हते. वऱ्हाडातील वणी जिल्ह्यात (आजच्या यवतमाळ जिल्ह्याचे हे तेव्हाचे नाव) पोलीस अधिकारी असलेल्या कंबरलेज यांनी 1882 मध्ये बंजाऱ्यांवर लिहिलेल्या वृत्तान्तात एक परंपरा नोंदवली आहे. तिच्यानुसार शाहजहानचा वजीर आसफखान याच्याबरोबर भंगी आणि झंगी हे दोन नायक एक लाख ऐंशी हजार बैल घेऊन 1630 च्या सुमारास दक्षिणेत आले, आणि त्यांना एक ताम्रपट मिळाला. त्यात वाटेत कोणाच्याही रांजणातले पाणी व छपरावरचे गवत घेण्याची मुभा आणि दिवसाला तीन खून माफ करण्याचे अभय होते. ताम्रपटाच्या अस्सलतेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ही परंपरा मोलाची आहे, कारण विस्तारणाऱ्या साम्राज्याला या वाहतूकदारांची गरज किती तीव्र होती आणि त्या गरजेची स्मृती समाजाने किती अभिमानाने जपली, हे तिच्यातून स्पष्ट दिसते. मराठ्यांच्या, निजामाच्या आणि इंग्रजांच्या फौजाही याच पुरवठ्यावर चालल्या. 1803 मध्ये असई, अडगाव आणि गाविलगड येथे लढलेल्या आर्थर वेलस्ली याच्या पत्रव्यवहारात बंजाऱ्यांच्या धान्यपुरवठ्याची चिंता वारंवार येते.

सेवालाल महाराजांचे चरित्र याच फिरत्या जगातले आहे. परंपरेनुसार त्यांचा जन्म 15 फेब्रुवारी 1739 रोजी आजच्या आंध्र प्रदेशातील अनंतपूर भागात, गुत्तीजवळ झाला. वडील भीमा नायक हे तांड्याचे प्रमुख होते आणि आईचे नाव धर्मणी होते. त्यांच्याविषयीची माहिती मुख्यतः मौखिक गीतांतून आणि भजनांतून आलेली असल्यामुळे तिच्यात इतिहास आणि श्रद्धा एकमेकांत मिसळलेल्या आहेत, आणि त्या ओढूनताणून वेगळ्या करण्यात फारसा अर्थ नाही. मात्र जन्मस्थान रायलसीमेत आणि समाधी वऱ्हाडात, ही एकच गोष्ट त्या काळच्या तांड्यांचा वावर किती विस्तृत होता ते सांगून जाते. जमिनीच्या मालकीवर आणि स्थिर गावावर उभ्या राहिलेल्या समाजांची तीर्थे बहुधा त्यांच्या वस्तीच्या परिसरातच असतात. ज्यांचे गावच चालते होते त्यांनी मात्र आपल्या संताचा देह जेथे विसावला ती जागा कायमची खूण म्हणून धरून ठेवली. समाधीस्थानी पांढरा ध्वज फडकतो, नंगारा हे मोठे चर्मवाद्य वाजते, आणि तूप-गुळाची लापशी अग्नीत अर्पण करण्याचा भोग हा विधी होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जगाचा पायाच निखळला. 1853 पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता. 1867 पर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली, मिठाचा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली गेला, आणि 1878 च्या वन कायद्यानंतर चराईची राने राखीव होऊ लागली. लदेणी बंद पडल्यावर बैल विकून माळरानावर, डोंगरउतारावर किंवा जंगलाच्या कडेला स्थिरावण्यावाचून तांड्यांना पर्याय राहिला नाही. त्याच सुमारास, 1871 मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला. संपूर्ण जमातच जन्मतः गुन्हेगार मानून तिच्या हालचालींवर पोलिसांची नोंद आणि हजेरी लादणारा हा कायदा होता, आणि वेगवेगळ्या प्रांतांत बंजाऱ्यांचे अनेक गट त्याच्या कक्षेत आणले गेले. ज्या भ्रमंतीच्या बळावर राज्यांनी आपल्या सीमा वाढवल्या, तीच भ्रमंती आता गुन्ह्याचे लक्षण ठरली. हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासातला हा अन्याय जेवढा मोठा आहे, तेवढी जागा त्याला शालेय पुस्तकांत आजही मिळालेली नाही.

31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती कायद्यातून मुक्त झाल्या आणि विमुक्त म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. चारच वर्षांनी भाषावार प्रांतरचना झाली, आणि ज्यांची भाषा कोणत्याच राज्याची भाषा नव्हती असा हा समाज अनेक राज्यांत विभागला गेला. त्याचा परिणाम कागदोपत्री स्पष्ट दिसतो : एकाच गोत्राची, एकच बोली बोलणारी माणसे तेलंगणा व आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतात. रामनवमीला पोहरादेवीत एकत्र आलेले नातेवाईक घरी परतल्यावर शासनाच्या तीन वेगळ्या याद्यांत जातात, आणि महाराष्ट्रातील अनुसूचित जमातीच्या दर्जाच्या मागणीमागे हीच विसंगती आहे.

नव्या राष्ट्रजीवनात या समाजाने स्थान मिळवले तेही याच परिसरातून. पोहरादेवीपासून फार दूर नसलेल्या पुसद तालुक्यातील गहुली येथे जन्मलेले वसंतराव नाईक 5 डिसेंबर 1963 ते 20 फेब्रुवारी 1975 या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक 1991 मध्ये त्याच पदावर आले. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंगाऱ्याच्या आकाराच्या या वास्तूत समाजाचा स्थलांतराचा व व्यापाराचा इतिहास, पोशाख आणि चळवळी यांची मांडणी आहे. पोहरादेवीला येणाऱ्याने समाधीच्या दर्शनानंतर या दालनांसाठीही पुरेसा वेळ राखून ठेवावा.

संग्रहालयाच्या बाहेर मात्र तांड्याच्या स्थैर्याचा प्रश्न अजून कागदावर पूर्ण सुटलेला नाही. तेलंगणाने 2018 च्या पंचायत राज कायद्याने पाचशे किंवा अधिक लोकसंख्येच्या तांड्यांना स्वतंत्र ग्रामपंचायतीचा दर्जा दिला, आणि कर्नाटकात तांड्यांना महसुली गाव ठरवून जानेवारी 2023 मध्ये पन्नास हजारांहून अधिक कुटुंबांना घरांच्या मालकीची कागदपत्रे वाटण्यात आली. महाराष्ट्रात तांड्यांतील पाणी, रस्ते आणि वीज यांसाठी वसंतराव नाईकांच्या नावाची सुधार योजना आहे. परंतु अनेक तांडे आजही शेजारच्या मोठ्या गावाच्या ग्रामपंचायतीलाच जोडलेले असून, सरपंचपद आणि निधी यांतला त्यांचा वाटा त्या गावातील बहुसंख्येच्या मर्जीवर अवलंबून राहतो.