पाच मासे दारू, तोळाभर शिसे

रंजक जळाली, पण बार उडाला नाही: या सहा शब्दांत ठासणीच्या बंदुकीने शिकार करणाऱ्याचे सारे दुःख सामावलेले आहे, आणि ते पेशवाईतील बरकंदाजाला जितके परिचित होते तितकेच आज अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया राज्याच्या हिमाच्छादित अरण्यात, जानेवारीच्या पहाटे एखाद्या हेमलॉक वृक्षाच्या बुंध्याला पाठ टेकून उभ्या असलेल्या शिकाऱ्यालाही परिचित आहे. चापाच्या खटक्यासरशी डोळ्यांपुढे लखकन ज्वाळा उठते, पांढरा धूर पसरतो, आणि त्या धुरापलीकडे उभे असलेले हरिण क्षणभर कान टवकारून, शेपटीचा पांढरा झेंडा उभारून, सावकाश नव्हे पण फारशी घाईही न करता दिसेनासे होते.

हे दुःख तेथील सरकारने कायद्याने जतन करून ठेवले आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनिर्बंध शिकार आणि जंगलतोड यांच्यामुळे त्या मुलखातील पांढऱ्या शेपटीचे हरिण जवळजवळ नामशेष झाले होते. १८९५ साली शिकारीच्या नियमनासाठी राज्याचे स्वतंत्र खाते स्थापन झाले, १९०६ पासून मिशिगन राज्यातून हरणे आणून सोडण्यात आली, १९०७ च्या कायद्याने माद्यांना अभय मिळाले, आणि मग झाले असे की, लांडगा आणि प्यूमा हे नैसर्गिक शत्रू पूर्वीच नाहीसे झालेले असल्यामुळे, हरणांची प्रजा इतकी वाढली की अरण्यात नवे रोप डोके वर काढण्यापूर्वीच खुडले जाऊ लागले. म्हणजे शिकार हवी, पण कत्तल नको. या पेचातून काढलेल्या अनेक तोडग्यांपैकी एक असा की, १९७४ पासून, आधुनिक रायफलींची मुख्य मुदत संपून नाताळही उरकल्यानंतर, एक निराळी मुदत जाहीर होऊ लागली, आणि तीत बंदूक वापरायची तर ती गारगोटीने पेटणारी, अठराव्या शतकातील धाटणीचीच असली पाहिजे, असा दंडक घालण्यात आला. हत्यार जितके दुबळे तितके परवाने अधिक देता येतात आणि अरण्यात तितके अधिक दिवस घालविता येतात, हा हिशेब सरकारी दप्तरातून आलेला असला तरी मला तो मोठा रसिकतेचा वाटतो.

या हत्याराचा संसार अगदी आटोपशीर आहे. अर्ध्या इंच व्यासाच्या नळीत आपल्या जुन्या मापाने सुमारे पाच मासे काळी दारू ओतावयाची. तिच्यावर, तेलकट केलेल्या कापडाच्या चकतीत गुंडाळलेली, तोळ्याहून किंचित कमी भरणारी शिशाची वाटोळी गोळी ठेवावयाची. आणि ती लाकडी गजाने ठासून दारूवर नेमकी टेकवावयाची, कारण मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटण्याचे भय असते. गोळी निघते तेव्हा तिचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास असतो, परंतु वाटोळी वस्तू हवेला छातीने भिडते, आणि शंभर वार जाईतो तिचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वेग खर्ची पडतो. त्यातून शून्याखाली १० अंशांची हवा आपल्याकडील २५ अंशांच्या हवेहून सुमारे १३ टक्के दाट असते. तेव्हा जाणता शिकारी पन्नास वारांपलीकडच्या हरणाकडे नुसते पाहतो आणि बंदूक खालीच ठेवतो.

तथापि गोळी नळीबाहेर पडण्यापूर्वी जे घडावे लागते तेच खरे नाट्य आहे. घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या घडीत आवळून बसविलेली गारगोटी, चाप ओढताच, समोर उभ्या असलेल्या पोलादी पात्यावर घासत उतरते. त्याच आघाताने ते पाते उलटून त्याखालचा छोटा प्याला उघडा पडतो. प्याल्यात चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक, असते. तीत ठिणग्या पडतात, ती भडकते, आणि तिची आच नळीच्या अंगाला पाडलेल्या ज्या बारीक छिद्राला आपले जुने गोलंदाज ‘कान’ म्हणत त्यातून आत शिरून मुख्य दारूला गाठते. ठिणगी गारगोटीची, असा आपला समज असतो. वस्तुतः ती पोलादाची असते. गारगोटीची धार पोलादाहून कठीण असल्याने ती त्याचे सूक्ष्म कण खरवडून काढते, घर्षणाने तापलेले हे कण हवेतील प्राणवायूशी संयोग पावून जळू लागतात, आणि लोखंड जळताना आपण पाहतो त्यालाच ठिणगी म्हणतो. दोन सैन्यांच्या झटापटीला मराठीत ‘चकमक’ म्हणतात, आणि गार-पोलादाच्या जोडीलाही तेच नाव आहे. पात्यावर हिमाचा नुसता पापुद्रा धरला की गारगोटी खरवडण्याऐवजी घसरते. म्हणून शिकारी दर थोड्या वेळाने हातमोजा काढून, बोटे बधिर होत असताही, पाते आणि गारगोटी कोरड्या फडक्याने पुसत बसतो.

थंडीचे या दारूला विशेष भय नाही. भय आहे ते पाण्याचे. काळी दारू म्हणजे पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक, हे प्रमाण सर्वश्रुत आहे: सोरा प्राणवायू पुरवितो, कोळसा जळतो, आणि गंधक ते मिश्रण कमी उष्णतेवर पेट घेईल अशी व्यवस्था करतो. यांपैकी शुद्ध सोरा सहजासहजी ओल धरत नाही, आणि बिहारमधील अशा सोऱ्याला साऱ्या जगात मागणी होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा दारूचे कारखानदार ड्यू पाँट यांच्या घराण्यातील लॅमॉट ड्यू पाँट हे उत्तरेच्या सरकारतर्फे इंग्लंडात गेले ते हा हिंदुस्थानी सोरा खरेदी करण्यासाठीच. त्याच गृहस्थांनी चार वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेतील स्वस्त सोडियमयुक्त सोऱ्यापासून सुरुंगाची दारू करण्याची सनद मिळविली होती, पण तो सोरा हवेतील ओल फार ओढत असल्यामुळे खाणीत चालला, बंदुकीत चालला नाही.

अडचण न जळलेल्या दारूपेक्षा जळलेल्या दारूची अधिक आहे. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८७५ च्या सुमारास बंद पोलादी पात्रात दारूचे स्फोट घडवून दाखविले की, वजनाने पाहता तिचा केवळ ४३ टक्के भाग वायुरूप होतो आणि उरलेले ५७ टक्के घनरूप क्षार म्हणून मागे राहतात. सगळा पांढरा धूर म्हणजे याच क्षारांची हवेत उडालेली भुकटी, आणि जो भाग उडत नाही तो नळीच्या भिंतींवर व प्याल्यात बसतो. त्यात पोटॅशियम कार्बोनेटचा अंश मोठा असतो, आणि हा पदार्थ इतका तहानलेला की हवेची सापेक्ष आर्द्रता ४३ टक्क्यांवर गेली की तो तिच्यातील बाष्प शोषून स्वतःच विरघळू लागतो. हिम पडत असताना आर्द्रता शंभराच्या आसपास असते. तेव्हा सकाळी एक बार काढून, प्याला नीट न पुसता, त्यावरच नवी रंजक घालणाऱ्या शिकाऱ्याच्या प्याल्यात दुपारपर्यंत काळे सारण शिजलेले असावे यात नवल नाही. आणि नळीतील तोच थर गारठ्याने कडक झाला, म्हणजे दुसरी गोळी अर्ध्या वाटेवर अशी अडकते की गज हलत नाही. जुने लोक बार उडताच नळीत फुंकर घालून श्वासाच्या ओलाव्याने हा थर मऊ करीत, असे सांगतात. बंदुकीच्या तोंडाला तोंड लावण्याची ही रीत कोणी गिरवू नये.

पाणी केवळ आकाशातूनच येते असेही नाही. २० अंशांच्या, बाष्पाने पूर्ण भरलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम पाणी मावते, तर शून्याखाली १० अंशांवर जेमतेम सव्वादोन ग्रॅम. म्हणजे बाहेरची हवा, हिमाने कितीही भरलेली भासली तरी, प्रत्यक्षात दरिद्री असते, आणि खरा धोका असतो तो घराच्या ऊबदार, चुलीवर काही शिजत असलेल्या, माणसांनी भरलेल्या खोलीत. थंडगार पोलाद तेथे आणताच आतून-बाहेरून दवाने न्हाऊन निघते, आणि दारू ओली होते. म्हणून शिकारी रात्री बंदूक ओसरीवर किंवा गाडीतच ठेवतो. प्याल्यातील रंजक काढून टाकली की चकमकी बंदूक रिकामी समजावी, असा तिकडच्या शिकारकायद्यांचा शिरस्ता असल्यामुळे ते साधते. दिवसा ज्या भागात रंजक असते तो भाग मेणचोळलेल्या चामड्याच्या झाकणाने बांधून, वर पुन्हा काखेत धरून नेतात. कोकणात आणि गोव्यात पिकांच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या ज्या शेतकऱ्याने आषाढात रानडुकरावर ती रोखली असेल, त्याला यातील प्रत्येक उपाय समजावून सांगण्याची गरज पडू नये.

कापडाच्या चकतीला लावावयाच्या स्निग्ध पदार्थाचीही हीच कथा. उन्हाळ्यात नुसत्या थुंकीने काम भागते, पण हिवाळ्यात ती नळीतच गोठते, आणि निव्वळ चरबी मेणासारखी घट्ट होते. म्हणून तेल, मेण आणि चरबी यांचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलावे लागते. क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नाने एके काळी एक साम्राज्य हादरविले होते हे आपण विसरू नये: १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल ठासणीचीच होती, तिच्या कागदी काडतुसाला चरबी लावलेली असे ती ओल बाहेर ठेवण्यासाठी व गोळी सुलभतेने सरकावी म्हणून, आणि ती चरबी कोणत्या जनावराची या संशयाने १८५७ साली काय घडले ते शाळेतील मुलालाही ठाऊक आहे.

आता ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप त्या हरणाकडे पाहावे. ज्या पाण्यापासून दारू वाचविण्यासाठी माणसाला मेण, चामडे आणि काख यांचा आश्रय करावा लागतो, ते पाणी या प्राण्याच्या पाठीवर तासन्‌तास हिमाच्या रूपाने पडून राहते आणि वितळत नाही, कारण शरीरातील ऊब तेथपर्यंत पोहोचतच नाही. शरदात उन्हाळी तांबूस कोट टाकून त्याने जो करडा कोट धारण केलेला असतो, त्याचे बाहेरचे केस लांब, राठ आणि आतून हवेने भरलेले असतात, आणि त्यांच्याखाली लोकरीसारखी दाट लव असते. बारीक स्नायूंच्या बळावर हे केस उभारून तो त्या कोटाची जाडी वाढवूही शकतो. पायांत खाली जाणारे उष्ण रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला आपली ऊब देऊन टाकते. पोटात, रवंथ करणाऱ्या सर्वच प्राण्यांप्रमाणे, सूक्ष्मजीवांची एक भट्टी सतत आंबत असते. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे थंडी वाढली की तो अधिक खाण्याऐवजी कमी खातो, पुढ्यात चारा टाकला तरीही. हालचाल आवरतो, साठविलेली चरबी जपून खर्च करतो, आणि हेमलॉकसारख्या सदाहरित वृक्षांच्या छायेत, जेथे हिम फांद्यांवरच अडून राहते, तेथे वस्ती करतो. पोटातील सूक्ष्मजीव आता डहाळ्या आणि कळ्या पचविण्यास सरावलेले असतात. एखाद्या दयाळू माणसाने एकाएकी मक्याची रास घातली तर पोटात आम्ल माजून हरिण भरल्या पोटी मरते. नराची शिंगेही याच सुमारास गळतात, त्यामुळे नर कोण आणि मादी कोण, हे दुरून ओळखणे कठीण होते.

असे हे हरिण पन्नास वारांच्या आत आले, वारा अनुकूल असला, पाते कोरडे असले, तरी शेवटची एक परीक्षा उरतेच. रंजक भडकणे आणि बार उडणे यांच्यात सेकंदाचा अल्पसा पण जाणवणारा अंश जातो, आणि तेवढ्या वेळात, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर ज्वाळा उठलेली असताना, नेम तसूभर ढळू द्यावयाचा नसतो. स्कॉटलंडमधील बेल्हेल्वी गावचे पाद्री अलेक्झांडर फॉर्सिथ यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता, आणि रंजकेची ज्वाळा पाहूनच रानबदके पाण्यात बुडी मारतात व गोळी रित्या पाण्यावर पडते, हे पाहून त्यांनी आघाताने पेटणारी रसायने हाती घेतली आणि १८०७ साली आपल्या युक्तीची सनद मिळविली. तिच्यातूनच पुढे तांब्याची टोपी आणि अखेर आजचे काडतूस निघाले. गारगोटी, पाते, प्याला आणि रंजक यांना एकदमच रजा मिळाली, आणि भर पावसातही बार उडू लागला. पेन्सिल्वेनियाच्या या मुदतीत मात्र पाद्रीबुवांच्या टोपीला मज्जाव आहे.

बार उडाला, तर शांत हवेत धुराचा पडदा तसाच लोंबकळत राहतो आणि शिकाऱ्याला गुडघे टेकून त्याच्याखालून पाहावे लागते. मग हिमावरची खुरे आणि रक्ताचे ठिपके वाचीत जावयाचे. न उडाला, तरी घरी परतल्यावरचे काम चुकत नाही, कारण रंजक जळलेली असली की क्षार प्याल्यात बसलेलेच असतात आणि रात्रभरात ते पोलाद खाऊ लागतात. दिवसभर ज्याच्यापासून बंदूक लपविली ते पाणीच तेव्हा कामी येते, कारण हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. नळीतील दारू आणि गोळी काढून घेतली की किटली चुलीवर चढते, कढत पाणी नळीत ओतले जाते, गजाच्या टोकाला चिंधी बांधून ते वरखाली घुसळले जाते, आणि कानाच्या छिद्रातून आधी काळी, मग करडी, आणि चार-पाच वेळा ओतल्यावर स्वच्छ धार बाहेर पडते. पोलाद इतके तापलेले असते की आतील ओल आपोआप उडून जाते, आणि मग त्यावर तेलाचा हात फिरवून बंदूक पुन्हा ओसरीवरच्या गारठ्यात नेऊन ठेवतात.