पदकाची पारख

म्हैसूरपासून श्रीरंगपट्टण फार दूर नाही. ४ मे १७९९ रोजी कावेरीच्या बेटावरील हा किल्ला इंग्रज व निजाम यांच्या फौजांनी जिंकला आणि टिपू सुलतान लढता लढता धारातीर्थी पडला. या विजयाचे स्मारक म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने पदक काढले. सेनापतीला सोन्याचे, साध्या शिपायाला कथलाचे. मधल्या दर्जांसाठी मुलामा दिलेले रुपे, निव्वळ रुपे आणि कासे. असे पदक आज हाती आले, तर ते खरे कशावरून मानावे?

पहिली साक्ष चित्राची. एका बाजूस वाघाला लोळविणारा सिंह आहे. वाघ हे टिपूचे राजचिन्ह. दुसऱ्या बाजूस तटाच्या खिंडारावरील हल्ला आणि माथ्यावर मध्यान्हीचा सूर्य, कारण हल्ला दुपारी झाला. खाली फार्सी मजकूर व हिजरी १२१३ हा सन आहे. ती लिपी न जाणणाऱ्या नक्कलकाराचा हात बहुधा येथेच चुकतो.

दुसरी साक्ष मापाची. इंग्लंडात मॅथ्यू बोल्टन याच्या सोहो टांकसाळीत पाडलेले पदक सुमारे ४८ मिलिमीटर व्यासाचे असते, तर कलकत्त्याचे सुमारे ४५. तेव्हा लहान म्हणजे खोटे, असा निवाडा घाईचा होईल. ओतीव नक्कल मात्र धातू थिजताना किंचित आकसते, तिची अक्षरे बोथट होतात आणि पृष्ठावर बारीक छिद्रे राहतात. शंका उरल्यास पदक पाण्यात तोलून पाहावे. रुप्याचे विशिष्ट गुरुत्व १०.५, कथलाचे ७.३ आणि शिशाचे ११.३. वरची कडी पाहून मात्र निर्णय देऊ नये. ती ज्याने त्याने आपापल्या परीने बसवून घेतलेली असे.

तिसरी साक्ष डबीची, आणि तीच सर्वांत नाजूक. या पदकावर शिपायाचे नाव कोरलेले नसे. ते कोणाचे, हे डबीतील चिठ्ठी किंवा घरातील कागदच सांगू शकतो. म्हणूनच डबी बनावट करण्याचा मोह होतो. अस्सल पदक नव्या डबीत आणि नकली पदक जुन्या डबीतही सापडते. दोहोंची परीक्षा वेगवेगळी करावी. पदक मखमलीच्या खाचेत नेमके बसते काय, त्याच्या दाबाची खूण कापडावर उमटली आहे काय, हे पाहावे. कागद वा अस्तर जंबुपार किरणांत निळसर चकाकले, तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आलेली उजळद्रव्ये असण्याचा संभव आहे. पदके तयार होऊन सैन्यात वाटली जाईपर्यंत कित्येक वर्षे लोटली. तेव्हा १७९९ सालीच पदक मिळाल्याचा दाखला कोणी पुढे केला, तर तो संशयास्पदच मानावा.

असे पदक घरात असल्यास ते घासूनपुसून लखलखीत करू नये आणि फाटकी डबी टाकून देऊ नये. सेनापतींची नावे इतिहासाने जपली आहेत. कथलाचे पदक मिळालेल्या शिपायाचे नाव त्या फाटक्या डबीतच शिल्लक असते. ती गेली की तो शिपाई पुन्हा अनामिक होतो.