माळ्यावरचा मारिओ

आमच्या केडगावात घटस्थापना जवळ आली की घरोघरी झाडलोट आणि धुणीपुसणी सुरू होतात. देवीचे गाव. नऊ दिवस रेणुकामातेच्या दर्शनाला नगरहून आणि आजूबाजूच्या खेड्यांतून माणसे लोटणार, त्यांतली काही चहाला आपल्याकडे टेकणार. तेव्हा माळे आणि फडताळे उपसणे ओघाने आलेच. यंदा माळ्यावर चढण्याची पाळी माझ्यावर आली. तांब्याचा बंब, वडिलांची हत्यारांची पेटी, एक फुटकी बादली (ती टाकून द्यायला आई गेली वीस वर्षे तयार नाही) आणि बादलीच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेला आमचा व्हिडिओ गेम!

चिरंजीव खाली शिडी धरून उभे होते. वय वर्षे अकरा. आदल्याच आठवड्यात त्यांच्या हातातला मोबाईल काढून घेताना मी एक छोटेसे भाषण ठोकले होते, "यात कसला आलाय गेम! गेम होते ते आमच्या लहानपणी." असली वाक्ये प्रत्येक पिढी बोलते. गाण्यांबद्दल बोलते, आंब्यांबद्दल बोलते, मास्तरांबद्दल बोलते. सोय एवढीच की, पुरावा मागायला कोणी येत नाही. इथे पुरावाच माळ्यावरून खाली आला. चिरंजीव म्हणाले, "मग लावा ना पप्पा. बघू."

झाले, अडकलो! जुना सिनेमा पुन्हा पाहता येतो, जुनी कादंबरी पुन्हा वाचता येते. नाही आवडली तर लेखक जुना झाला म्हणून आपण मोकळे. गेमचे तसे नाही. तो हातांनी खेळावा लागतो आणि हात आपलेच असतात, तेही तीस वर्षांनी थोराड झालेले. मग जुने कोण झाले, गेम की आपण, याचा निवाडा करायचा कसा?

हा डबा १९९३ च्या दिवाळीत मामाने मुंबईच्या मनीष मार्केटमधून आणला होता. निन्टेंडो कंपनीने जुलै १९८३ मध्ये जपानात 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र विकायला काढले. आपल्याकडे गल्लोगल्ली पोचल्या त्या त्याच्या नकला. अस्सल यंत्र केडगावात कोणाकडे पाहिल्याचे मला आठवत नाही. आम्हाला फरकही पडत नव्हता. आत घालायच्या चौकोनी डबीला आम्ही 'कॅसेट' म्हणायचो आणि हातातल्या बटणांच्या पट्टीला 'रिमोट'. कॅसेटवर '९९९९९९ इन १' असे छापलेले. प्रत्यक्षात गेम जेमतेम वीस-बावीस; तेच पुन्हा पुन्हा, कधी दुसऱ्या नावाने तर कधी दुसऱ्या पातळीपासून. आमच्या धाकट्या भावाने सगळे मोजायला घेतले होते. तिसऱ्या दिवशी नाद सोडला.

आता हे लावायचे कुठे? अ‍ॅडॅप्टर मेलेला, रिमोटची एक वायर उंदराने खाल्लेली. पुणे रस्त्यावरच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे सगळे घेऊन गेलो. त्याने डबा उघडला, आत पाहून हसला, दोन ठिकाणी डाग दिला आणि नवा अ‍ॅडॅप्टर जोडून दिला. मी सवयीने कॅसेटीत फुंकर मारायला गेलो तर त्याने हात धरला. फुंकरीने काही होत नसते म्हणाला. कॅसेट काढून पुन्हा बसवली की तिचे पितळी दात नीट टेकतात, एवढेच. उलट तोंडातल्या ओलाव्याने ते खराब होतात. म्हणजे इतकी वर्षे आम्ही मोठ्या भक्तिभावाने कॅसेटींना गंज चढवीत होतो!

घरी येऊन नव्या एलईडी टीव्हीला जोडणी केली. पहिली निवड बंदुकीची, कारण तिचाच रुबाब मोठा. 'डक हंट', सन १९८४. गवतातून बदक उडते, आपण टीव्हीवर नेम धरून चाप ओढायचा. मी ओढला. बदक उडून गेले आणि गवतातून कुत्रा वर येऊन तोंडावर हात धरून हसला. पुन्हा ओढला. पुन्हा कुत्रा. टीव्हीला नळी चिकटवून झाली; एक बदक पडेल तर शपथ. चिरंजीवांनी कुत्र्याला साथ दिली.

दोष माझा नव्हता, हे मागाहून कळले. त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही. ती फक्त बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच, बदक जिथे असेल तिथे एक पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला की बदक पडले. हा सगळा खेळ सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या हिश्श्याचा. जुन्या पिक्चर ट्यूबवर चित्र आले त्याच क्षणी दिसे. नवा टीव्ही येणारे चित्र आधी स्वतः न्याहाळतो, घासूनपुसून घेतो आणि मग दाखवतो. तोवर बंदूक वाट पाहून थकलेली असते. गेम शाबूत, बंदूक शाबूत, पण ज्या काचेसाठी त्यांचा जन्म झाला ती काच घरातून गेली. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात एक एकवीस इंची ट्यूबवाला टीव्ही धूळ खात पडला होता. तो चार दिवसांच्या बोलीवर आणला तेव्हा पहिल्याच गोळीला बदक पडले.

अमेरिकेतल्या एका संस्थेने, व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने, २०२३ मध्ये पाहणी केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज दुकानात विकत मिळत नाहीत. ही अस्सल मालाची कथा. आमच्यासारख्या नकली डब्यांची मोजदाद कोण ठेवणार? ती माळ्यावरच.

मग 'सुपर मारिओ'. १९८५ चा हा गेम अवघ्या ४० किलोबाईटचा आहे. सकाळी मोबाईलवर येणारे 'शुभ प्रभात'चे फूल याहून जड असते. एवढ्याशा जागेत संसार भागवायचा म्हणून त्यात काय काय काटकसरी केल्या आहेत! आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप एकच आकृती आहे, फक्त रंग बदललेला. तीस वर्षांत मला हे दिसले नव्हते. चिरंजीवांना दाखवले तर ते प्रथमच थोडे गंभीर झाले. आणि आणखी एक. त्याला मी काहीच शिकवले नाही. पहिल्या पडद्यावर समोरून एक तपकिरी बुटका चालत येतो. उडी मारली नाही तर मरता. दुसऱ्यांदा उडी मारता, वरच्या विटेला डोके लागते, नाणे निघते. सूचनांचा एक शब्द न लिहिता गेम शिकवतो. शिगेरू मियामोतो या माणसाची ही करामत आज तितकीच पक्की आहे. चिरंजीव अर्ध्या तासात माझ्या पुढे गेले. मी पहिल्या किल्ल्याच्या अलीकडच्या एका खड्ड्यात पडत राहिलो. त्याचे खापर मी आधी नव्या टीव्हीवर फोडले होते. ट्यूबवर खेळतानाही त्याच खड्ड्यात पडलो, तेव्हा विषय बदलला.

सगळेच काही टिकलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गाड्यांच्या शर्यतीचा 'रोड फायटर', ज्यासाठी आम्ही भावाभावांत मारामाऱ्या केल्या, दहा मिनिटांत जांभई आणतो. रस्ता सरळ, गाड्या त्याच, आणि पेट्रोल संपले की परत पहिल्यापासून. कित्येक गेम तर मी मनात रंगवून ठेवले होते तसे नव्हतेच. तिथे राक्षस म्हणून जो आठवत होता तो आठ-दहा ठिपक्यांचा डाग निघाला.

चित्रे साधी आहेत म्हणून हे शिळे झाले, असे मात्र नव्हे. आमच्या चिरंजीवांचा सर्वांत लाडका गेम 'माइनक्राफ्ट', जो २०११ मध्ये पूर्ण होऊन बाहेर पडला, म्हणजे त्यांच्याहून वयाने मोठा आहे. त्यात सूर्यसुद्धा चौकोनी आहे! जगभर त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. मुलांना ठिपक्यांचे वावडे नसते. त्यांना राग येतो तो अन्यायाचा. तीन जीव, ते संपले की सगळे पाण्यात. मध्ये कुठे थांबून उद्या पुढे खेळण्याची सोय नाही. "हे कोणी असं बनवलं?" चिरंजीव चिडून म्हणाले. उत्तर त्या ४० किलोबाईटमध्येच आहे. गेम मुळातच तोकडे. 'मारिओ' निष्णात खेळाडू पाच मिनिटांच्या आत संपवतात. अवघड केले नसते तर पैसे दिलेल्या बापाने दुसऱ्याच दिवशी दुकान गाठले असते. आमच्याकडे त्यात वीज मंडळाचीही भर होती. राजकन्येच्या दारात पोचलो आणि लाईट गेली, हे दुःख इन्व्हर्टरच्या घरात वाढलेल्या मुलाला कसे समजावे?

अवघडपणावर उतारा होता तो 'कॉन्ट्रा'चा. जपानच्या कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे गृहस्थ होते. १९८६ मध्ये 'ग्रेडियस' हा गेम घरच्या यंत्रासाठी तयार करताना तपासणीपुरताही तो त्यांना खेळता येईना. म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक चोरवाट ठेवली. वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, मग बी, ए. ती काढून टाकायची राहून गेली आणि पुढे कंपनीच्या इतर गेमांतही आली. 'कॉन्ट्रा'त तिने तीस जीव मिळत. हाशिमोतो फेब्रुवारी २०२० मध्ये वारले. त्यांचा हा मंत्र केडगावात कसा पोचला, देव जाणे. पण माझ्या सहावीच्या भूगोलाच्या वहीत शेवटच्या पानावर तो होता. परवा रिमोट हातात घेतला आणि अंगठ्याने तो आपसूक म्हटला.

'कॉन्ट्रा' टिकला आहे, पण दोघांत. धबधब्याच्या टप्प्यात दोघांनी बरोबर वर चढायचे असते. एक घाईने पुढे गेला की पडदा वर सरकतो आणि मागचा बिचारा खाली पडून मरतो. मी नेहमी पुढे जायचो, धाकटा मरायचा. चिरंजीव रोज कानाला हेडफोन लावून कुठल्या कुठल्या मुलांशी खेळतात. पण प्रतिस्पर्ध्याचे कोपर बरगडीत बसण्याचा अनुभव त्यांना नवा होता. त्यांनी मला सात वेळा धबधब्याखाली पाठवले.

आई हे सगळे शिवणयंत्राच्या खुर्चीत बसून पाहत होती. वय चौऱ्याहत्तर, दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढलेला. तिसऱ्या दिवशी सहज म्हणाली, "त्यात तो विटांचा आहे का रे?"

विटांचा? आम्ही भावांनी त्याला कधी हात लावला नव्हता. ना बंदूक, ना उडी. चिरंजीवांनी यादीतून शोधून काढला. टेट्रिस! १९८४ मध्ये मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोव यांनी केलेला गेम. त्यांच्या संगणकावर चित्रेच उमटत नसत, म्हणून विटांच्या जागी त्यांनी कंस वापरले. चार-चार चौकोनांचे सात आकार, वरून पडणारे. ओळ भरली की नाहीशी. पुढे निन्टेंडोने काढलेला टेट्रिस डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने १५७ व्या पातळीपर्यंत नेला, तेव्हा शेवटी गेमच थिजला. चौतीस वर्षांपूर्वीच्या गेमचे टोक माणसाने पहिल्यांदा गाठले ते तेव्हा.

आईने चष्मा पुसला, रिमोट मागितला आणि खेळू लागली. खेळू लागली म्हणजे काय, तर तांदूळ निवडावेत तशी. वीट हवेत असतानाच फिरवून ती जागेवर सरकवीत होती. दोन ओळी, तीन ओळी. पाच मिनिटे, दहा मिनिटे. आम्ही बापलेक तोंड उघडे टाकून बसलो.

"आई, तुला हे कसं येतं?"

"दुपारी खेळायचे ना. तुम्ही नसायचात तेव्हा." डोळे पडद्यावरच.

"पण परीक्षेच्या वेळी तू हा कपाटात कुलूप लावून ठेवायचीस!"

"किल्ली माझ्याकडेच होती की."

आणि माझ्या पोटात खड्डा पडला. १९९६ मध्ये वडिलांची कंपनी बंद पडली. ते चिंचवडला मिळेल त्या कामाला लागले, शनिवारी रात्री घरी यायचे. आई रात्री उशिरापर्यंत ब्लाउज शिवायची. पुढच्या मार्चमध्ये, एका शनिवारी शाळेतून आलो तर टीव्हीमागचा अ‍ॅडॅप्टर गरम लागला. धाकट्याची शाळा सकाळची, दुपारी घरी तोच. तेव्हा किल्ली चोरून तोच खेळला असणार. वडील आल्याबरोबर मी हे सांगितले. त्यांनी त्याला दोन सणसणीत ठेवून दिल्या. तो रडला, पण नाही म्हणाला नाही. आई चुलीशी भाकरी थापत होती.

"मी तेव्हा बोलायला हवं होतं," आई म्हणाली. वीट पडत होती, अंगठा चालूच होता. "पण काय सांगणार? घरात पगार नाही, आणि ही बाई दुपारची गेम खेळते? तुझ्या वडिलांना काय वाटलं असतं? दुकानदार गेमचे चारशे द्यायला तयार होता. मी म्हटलं, मुलांचा आहे, विकायचा नाही."

वडील २०११ मध्ये गेले. त्यांना आता काही सांगायचे राहिले नाही. मी पडवीत जाऊन धाकट्याला फोन लावला. तो पुण्याला असतो. सगळे सांगितले, थोडे अडखळत. अ‍ॅडॅप्टरचेही, माझ्या चुगलीचेही. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.

"मला तेव्हाच ठाऊक होतं, दादा," तो म्हणाला. "गोट्या न्यायला आलो होतो, खिडकीतून पाहिलं."

"मग मार का खाल्लास?"

"ती एकटीच हसत होती. त्या वर्षात कधी बघितली होतीस तिला हसताना?"

मी आत येऊन फोन आईसमोर धरला. धाकट्याचा आहे, बोल म्हणालो. तिने मान हलवली, नजर काढली नाही.

"त्याला म्हणावं, करते थोड्या वेळाने. लांब वीट आलीय."